बोटाला सोपे की डोक्याला?

घोड्यांच्या शर्यतीवर पहिल्यांदाच पैसे लावू पाहणाऱ्याने कोणते ॲप घ्यावे, हा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एका वाटेचे लोक म्हणतात, नवखा आहे ना, मग सर्वांत सोपे घ्या: दोन मिनिटांत खाते, तीन टिचक्यांत डाव, मोठी बटणे, पडद्यावर गर्दी नको. दुसऱ्या वाटेचे म्हणतात, जुगार तो जुगार. त्यात सोपे-अवघड काय विचारता? पहिल्यांना 'सोपे' या शब्दाचा अर्थ उघडच आहे असे वाटते, दुसऱ्यांना तो समजून घेण्याची गरज वाटत नाही. मग तो अर्थ ठरवण्याचे काम आपसूक ॲप विकणाऱ्याकडे जाते. त्याच्या लेखी सोपे म्हणजे पैसा आत येण्याच्या वाटेत एकही उंबरठा नसणे. ही व्याख्या त्याच्या धंद्याला साजेशी आहे, त्यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो तीच व्याख्या नवख्याच्या हिताची म्हणून पुढे करणाऱ्यांचा.

नवख्यासाठी सोपे ॲप कोणते? ज्यात डावाची खरी किंमत काढता येते, नियम पैसे लावण्याआधी समोर येतात आणि भरलेले पैसे काढणे हे भरण्याइतकेच सरळ असते, ते. डाव लावण्याची क्रिया थोडी अडखळती असली तरी बिघडत नाही. उलट ती तशी असावीच. बोटाला सोपे आणि डोक्याला सोपे या निराळ्या गोष्टी आहेत आणि पुष्कळदा पहिलीची भरपाई दुसरीतून वसूल केली जाते.

आधी किंमत. डावाला किंमत असते हेच बहुतेक नवख्यांना ठाऊक नसते. लावलेले 100 म्हणजेच किंमत, असा समज असतो. ती झाली रक्कम. किंमत भावात दडलेली असते. सहा घोड्यांची शर्यत घ्या आणि भाव दशांशात (2.50 म्हणजे 100 लावून जिंकले तर मूळ रकमेसह 250 परत) असे धरा: 2.50, 4.00, 5.00, 8.00, 10.00 आणि 16.00. प्रत्येक भावाने 100 ला भागले की त्या भावात गृहीत धरलेली जिंकण्याची शक्यता निघते: 40, 25, 20, 12.5, 10 आणि 6.25 टक्के. बेरीज 113.75. पण घोडा एकच जिंकणार, म्हणजे खऱ्या शक्यतांची बेरीज 100 च होणार. वरचे 13.75 हा बुकीचा वाटा. सहाही घोड्यांवर याच प्रमाणात मिळून 113.75 लावले, तर कोणताही घोडा येवो, हातात 100 च पडतात. लावलेल्या पैशांतले सुमारे 12 टक्के गेले. हा आकडा ॲप कधी ठळक अक्षरांत दाखवते का? दाखवले नाही तरी कागदावर दोन मिनिटांत काढता येतो. एकाच शर्यतीची बेरीज एका ॲपवर 109 आणि दुसऱ्यावर 118 निघाली, तर कोणते देखणे आणि कोणते सुटसुटीत या वादाला फारसा अर्थ उरत नाही. यासाठी सेटिंगमध्ये जाऊन भाव आधी दशांशात करून घ्यावेत. 5/2, 11/8, 6/4 असे अपूर्णांकातले भाव जुन्या पंटरांच्या जिभेवर असतात, पण त्यांत लावलेली मूळ रक्कम धरलेली नसते आणि 11/8 मोठा की 6/4 हे सांगताना नवखा अडखळतो. 2.375 आणि 2.50 म्हटले की अडखळायला जागाच राहत नाही.

टोटचा हिशेब वेगळा. तिथे भाव बुकी ठरवत नाही; सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, त्यातून ठरलेला वाटा कापतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. विनच्या, म्हणजे घोडा पहिला येण्यावरच्या डावांच्या, गल्ल्यात 1,00,000 जमले, 20 टक्के कापले, राहिले 80,000. जिंकलेल्या घोड्यावर 16,000 लागलेले असतील तर एकाचे पाच. किंमत इथे उघड असते आणि म्हणून तुलना करता येते. जपानच्या मध्यवर्ती रेसिंगमध्ये विन आणि प्लेसवर (प्लेस म्हणजे घोडा पहिल्या दोन-तीन जागांत येणे) 20 टक्के कापले जातात, पहिले तीन घोडे अचूक क्रमाने सांगण्याच्या डावावर 27.5 टक्के आणि पाच शर्यतींचे विजेते एकदम सांगण्याच्या डावावर 30 टक्के. ही चढण लक्षात घ्यावी: डाव जितका गुंतागुंतीचा, तितका महाग. टोटचा दोष एवढाच की दिसणारा भाव हा मिळणारा भाव नव्हे. गेट उघडेपर्यंत पैसे येत राहतात आणि 6.00 पाहून लावलेला घोडा 4.20 देऊन जातो. यात फसवणूक काही नाही, पण ॲपने तो आकडा 'अंदाजे' म्हणून दाखवला नाही तर नवख्याला ती फसवणूकच वाटणार.

बुकीकडे हीच चढण नजरेआड असते. चार शर्यतींतले चार घोडे एका डावात गुंफले की भावांचा गुणाकार होतो आणि परताव्याचा आकडा डोळे दिपवतो. मात्र बुकीच्या वाट्याचाही गुणाकार होतो: एका शर्यतीत 100 पैकी सरासरी 88 परत येत असतील, तर चारांच्या गुंफणीत सुमारे 60 येतात. पहिला-दुसरा-तिसरा सांगण्याच्या डावात 'बॉक्स' नावाची सोय असते, म्हणजे निवडलेले घोडे कोणत्याही क्रमाने आले तरी चालते. तीन घोड्यांचे बॉक्स म्हणजे 6 डाव, चारांचे 24, पाचांचे 60. एका टिचकीने एक घोडा वाढवला आणि 10 च्या हिशेबाने 240 चे 600 झाले. बोटासाठी याहून सोपे काय असणार? 'नवख्यांसाठी' म्हणून मिरवणारी ॲप पुष्कळदा असे तयार गुंफलेले डावच पहिल्या पडद्यावर ठेवतात आणि साधा विनचा डाव दोन पायऱ्या खाली.

ईच-वेचा चौकोन हा याच जातीचा. रकान्यात 100 लिहून चौकोनावर खूण केली की खात्यातून 200 जातात, कारण हे दोन डाव आहेत: 100 जिंकण्यावर, 100 प्लेसवर. ब्रिटिश पद्धतीत आठ किंवा जास्त घोड्यांच्या, हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून साधलेली बरोबरी) नसलेल्या शर्यतीत सर्वसाधारणपणे पहिले तीन धरतात आणि प्लेसला मूळ भावाचा पाचवा हिस्सा देतात. 10/1 चा घोडा दुसरा आला तर विनचे 100 बुडाले, प्लेसचे 2/1 ने 300 आले, निव्वळ 100 सुटले. आता 4/1 चा घोडा दुसरा आला असे समजा. प्लेसला 4/5 मिळाले, 180 परत आले, लावले होते 200. घोडा आला, पडद्यावर हिरवी पट्टी चमकली आणि खिशातले 20 गेले. जे ॲप या दोन निकालांना एकाच रंगात दाखवते, ते कितीही सुबक असले तरी हिशेबाला आंधळे आहे. त्यात आठांपैकी एक घोडा ऐनवेळी मागे घेतला तर उरलेल्या सातांत दोनच जागा धरल्या जातात आणि तिसरा आलेला तुमचा घोडा काहीच देत नाही.

मागे घेतलेल्या घोड्याचा हिशेब इथेच थांबत नाही. 5.00 च्या भावाने 100 लावले आणि नंतर त्याच शर्यतीतला एकास एक भावाचा फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, बाहेर पडला, तर ब्रिटनमधल्या 'रूल 4' नुसार जिंकलेल्या रकमेतून 45 टक्के कपात होते. नफा 400 च्या जागी 220. तगडा प्रतिस्पर्धी गेल्याने उरलेल्यांची शक्यता वाढली, म्हणून भाव उतरला. नियम न्यायाचाच आहे, आणि 14/1 हून मोठ्या भावाचा घोडा गेला तर काहीच कापले जात नाही. दोन घोडे अगदी एकदम पोचले तर लावलेली रक्कम निम्मी धरली जाते: 5.00 ला 100 लावले असतील तर 500 नव्हे, 250. आठवडे आधी लावलेल्या आगाऊ डावात घोडा धावलाच नाही, तर सहसा सगळी रक्कम जाते. शर्यतीच्या दिवशी लावलेल्या डावात ती परत मिळते. हे चार नियम ज्याला माहीत नाहीत, त्याला पहिल्या महिन्यात कधीतरी 'ॲपने पैसे खाल्ले' असे वाटणार आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असणार. म्हणून खाते उघडण्याआधी नियमांच्या पानावर हे चार नियम शोधावेत: घोडा मागे घेतल्यावरची कपात, एकदम पोचलेल्या घोड्यांचा हिशेब, आगाऊ डाव आणि शर्यतीच्या दिवशीचा परतावा. दहा मिनिटांत सापडले नाहीत, तर ते ॲप सोपे नाही.

आता समोरच्यांचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि तो खरा आहे: गर्दीचा पडदा नवख्याकडून चुका करवतो. रेसकार्डवर, म्हणजे शर्यतीतल्या घोड्यांच्या माहितीच्या तक्त्यावर, घोड्याचा क्रमांक वेगळा आणि स्टार्टिंग गेटमधल्या कप्प्याचा क्रमांक वेगळा. दोन्ही शेजारीशेजारी छापलेले असले की 4 ऐवजी 7 वर पैसे लागतात. एकाच वेळी तीन रेसकोर्सवर शर्यती चालू असतात आणि 3.10 ची शर्यत निवडताना रेसकोर्सच चुकतो. मागच्या कामगिरीची '21-3P0' अशी ओळ नवख्याला गूढ वाटते. ब्रिटिश रेसकार्डावर सर्वांत अलीकडची शर्यत उजवीकडे असते, P म्हणजे मध्येच थांबवला, 0 म्हणजे दहावा किंवा त्याहून मागे, आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला. हे कोणी सांगितले नाही तर ओळ उलटी वाचली जाते आणि थकलेला घोडा चढता वाटतो. कोरा, शांत पडदा या चुका टाळतो असे म्हणणाऱ्यांची तक्रार रास्त आहे. पण त्यावर त्यांचा उपाय काय? माहिती काढून टाकणे आणि पायऱ्या कमी करणे. पायऱ्या कमी केल्याने चुकीचा घोडा बरोबर होत नाही, चूक फक्त लवकर पक्की होते. चूक पकडते ती पुष्टीची पायरी, जिथे ॲप एका वाक्यात वाचून दाखवते: अमुक रेसकोर्स, 3.10 ची शर्यत, 4 क्रमांकाचा अमुक घोडा, ईच-वे, एकूण 200 कापले जातील, भाव 5.00. तीच पायरी 'वेगवान डाव' किंवा 'एका टिचकीत' या नावाखाली आधी गायब केली जाते. रक्कम आठवणीत ठेवणारा रकाना, '500', '1000', 'सगळे' अशी तयार बटणे, यांची जागा सेटिंगमध्ये बंद अवस्थेत आहे. तिथेच आणखी एक पर्याय असतो, त्याकडे फार थोडे लोक पाहतात: भाव बदलल्यास काय करायचे? 'सर्व बदल मान्य', 'वाढला तरच मान्य' आणि 'विचारा'. पहिल्या पर्यायाने डाव अडत नाही, मात्र 5.00 पाहून लावलेले पैसे 3.80 ला जाऊ शकतात. नवख्याने 'विचारा' ठेवावे. अडखळण्याचा हा एक क्षण फुकट मिळतो.

सोपेपणा कुठे हवा, याचे उत्तर या खेळाच्या इतिहासातच आहे. टोटचे आकडे पूर्वी कारकून हाताने मांडत. 1913 मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमधील एलर्सली रेसकोर्सवर जॉर्ज ज्युलियस यांचे स्वयंचलित टोटलायझेटर सुरू झाले. यंत्राची मूळ कल्पना मतमोजणीसाठी होती. ते काम मिळाले नाही, म्हणून रेसकडे वळली. मत काय आणि तिकीट काय, अनेक खिडक्यांवरची मोजणी एकाच वेळी अचूक जुळली पाहिजे, अडचण एकच. त्या यंत्राने काय सोपे केले? तिकिटाची खिडकी राहिली, रांग राहिली, खिशातून नोट काढून मोजून देणेही राहिले. बदलले ते हे, की कोणत्या घोड्यावर किती पैसे लागले आणि एकूण किती, हे भल्यामोठ्या दर्शनी भागावर सर्वांना दिसू लागले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या अवजड यंत्राने हिशेब सोपा केला होता. हातातले ॲप त्याच्या कैकपट ताकदीचे आहे, तरी त्याच्यावर आपल्या वर्षभराच्या डावांची एकूण वजाबाकी काढायला पाच पडदे ओलांडावे लागत असतील, तर तंत्रज्ञान कोणाच्या कामी लावले आहे?

उंबरठा ठेवण्याचीही परंपरा आहे. ब्रिटनने 1960 च्या कायद्याने बेटिंगची दुकाने कायदेशीर केली आणि 1 मे 1961 पासून ती उघडली. ती मुद्दाम रूक्ष ठेवली होती: बाहेरून मोहात पाडणारी मांडणी नको, आत टीव्ही नको, चहापाणी नको. ज्याला डाव लावायचा आहे त्याला जागा मिळावी, पण ज्याच्या मनात नाही त्याला ओढून आणू नये, हा त्यामागचा विचार. टीव्ही आणि गरम पेये यांना परवानगी मिळायला 1986 उजाडले. त्या रूक्षपणाची पुढे भरपूर टिंगल झाली, पण 'उपलब्ध असणे' आणि 'मागे लागणे' यांतला फरक कायदे करणाऱ्यांना कळला होता, हे मान्य करावे लागते. ॲपच्या बाबतीत तो फरक पुन्हा शोधावा लागतो आहे. ब्रिटनमध्ये 14 एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यावर बंदी आली, ऑस्ट्रेलियाने ऑनलाइन बेटिंगसाठी तीच गोष्ट 11 जून 2024 पासून केली. उधारीच्या पैशाने लावता येणे ही बोटाची सोयच होती; ती काढून घेतल्याने रेस बंद पडल्या नाहीत.

यावर उत्तर येते की उंबरठे वाढवले तर लोक परवाना नसलेल्या जागी जातील. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. ब्रिटनने 1853 मध्ये बेटिंगची घरे बंद केली, 1906 मध्ये रस्त्यावरचे बेटिंगही गुन्हा ठरवले, तरी चिठ्ठ्या गोळा करणारी माणसे गल्लोगल्ली फिरत राहिली. त्यांच्याकडे घड्याळ बसवलेल्या पिशव्या असत. पिशवीला कुलूप लागले ती वेळ घड्याळावर पक्की होई, म्हणजे निकाल कळल्यानंतर कोणी चिठ्ठी घुसवू शकत नसे. चोरट्या धंद्यालासुद्धा वेळेची नोंद लागत होती, ही त्यातली गंमत. पण या इतिहासातून निघते काय? मनाई झाली की व्यवहार भूमिगत होतो, एवढे निघते. पुष्टीचा एक पडदा म्हणजे मनाई नव्हे. खात्यात भरायच्या पैशांवर घातलेली जमा मर्यादा म्हणजेही नव्हे. आणि परवाना नसलेली जागा आकर्षक दिसते ती नेमकी 'सोपेपणा'मुळेच: ओळखपत्र मागत नाहीत, मर्यादा नाही, लगेच सुरू. तिथला फरक कळतो तो पैसे काढताना, जेव्हा अचानक ओळखपत्रेही लागतात, पत्त्याचा पुरावाही लागतो आणि दाद मागायला कोणी नसते. तीन टिचक्यांची भलामण करणारे नवख्याला त्याच वाटेची सवय लावतात. म्हणून पहिली गाळणी परवान्याची. ॲपच्या तळाशी परवाना क्रमांक असतो. तो तिथे आहे एवढ्यावर न थांबता नियामकाच्या संकेतस्थळावरील यादीत तो क्रमांक, कंपनीचे नाव आणि ॲपचे नाव जुळते का ते पाहावे. क्रमांक उचलून छापणे फार अवघड नसते. आणि जिथे कायद्याने ऑनलाइन बेटिंगला परवानगीच नाही, तिथे 'सोपे ॲप कोणते' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तिथे समोर येणाऱ्या कोणत्याही ॲपमागे तिथला नियामक नसतो.

राहिले ते, ज्यांना हा प्रश्नच चूक वाटतो. त्यांच्या गणिताशी भांडण होऊ शकत नाही. प्रत्येक डावात 12 टक्के कापले जात असतील, तर जास्त खेळणारा सरासरीने जास्त हरणार. फेव्हरिटसुद्धा ढोबळमानाने तीनांपैकी एकच शर्यत जिंकतो. म्हणजे ओळीने पाच फेव्हरिट हरण्याची शक्यता सुमारे 13 टक्के, मुळीच दुर्मीळ नाही. 20 टक्के शक्यतेचे घोडे धरले तर सलग दहा डाव कोरडे जाण्याची शक्यता जवळजवळ 11 टक्के. न लावणे हाच पैसे न गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे, यात वाद कसला? पण ज्याने लावायचे ठरवले आहे त्याला हे वाक्य अडवत नाही, आणि जे वाक्य त्याला उपयोगी पडले असते, म्हणजे 113.75 चे, ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तिरस्काराने गप्प बसणे आणि जाहिरातीने गप्प बसवणे यांचा नवख्यावरचा परिणाम सारखाच. कौटिल्याने द्यूताला थोर म्हटलेले नाही, तरी त्याने द्यूताध्यक्ष नेमला: खेळ एकाच ठरलेल्या जागी, दुसरीकडे खेळणाऱ्याला 12 पण (त्या काळचे नाणे) दंड, फासे अध्यक्षाने पुरवायचे आणि जिंकलेल्या रकमेचे 5 टक्के राज्याचे. एकाच जागी खेळ ठेवण्यात चोरट्यांवर नजर ठेवण्याचा हेतूही होता, भाबडेपणा नव्हता. पण फासे खरे आहेत का आणि वाटा किती, हे दोन्ही त्याने लिहून ठेवले. आजचे कितीतरी सुबक पडदे हे दुसरे सांगताना अंग चोरतात.

बोनसविषयी थोडे, कारण नवखा ॲप निवडतो ते बहुधा त्याच्याच जोरावर. 1000 भरा, 1000 बोनस घ्या. अट एवढीच की बोनसच्या दहापट, म्हणजे 10,000, डावांत फिरवल्याशिवाय पैसे निघणार नाहीत. वरच्या सहा घोड्यांच्या भावांनी 10,000 फिरवताना सरासरीने 1,200 च्या आसपास जातात. म्हणजे बोनस मिळवण्याचा खर्च बोनसपेक्षा जास्त. शिवाय किमान भावाची अट असते, मुदत असते आणि पुष्कळदा बोनस संपेपर्यंत स्वतःचे 1000 सुद्धा अडकतात. खाते उघडताना बोनस नाकारण्याची खूण असते. ती सापडत नसेल तर मदत विभागाला विचारावे आणि उत्तर यायला किती वेळ लागतो तेही मोजावे. 'कॅश आउट'ची गतही फार वेगळी नाही: चालू डाव मध्येच विकताना ॲप जो भाव देते त्यात त्याचा वाटा पुन्हा एकदा धरलेला असतो. शर्यत चालू असताना लावायच्या डावांना तर नवख्याने हात लावू नये. पडद्यावरचे चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असते आणि समोरच्याकडे त्याहून ताजे चित्र असू शकते. आणि खऱ्या शर्यतींच्या रांगेत दर काही मिनिटांनी येणाऱ्या 'व्हर्च्युअल' शर्यती दिसल्या तर त्यांत घोडा नसतो, जॉकी नसतो, असते ती संगणकाने काढलेली सोडत. तिथे अभ्यासाला काहीच नाही. त्या वेगळ्या दालनात न ठेवता खऱ्या रेसकार्डात मिसळणारे ॲप तेवढ्याच कारणावरून बाद करायला हरकत नसावी.

मग प्रत्यक्ष निवड कशी करावी? दोन ॲप घ्यावीत, तीन नकोत. तुलना दोघांत नीट होते. पैसे भरण्याआधी परवाना पाहावा, चार नियम शोधावेत, एका शर्यतीच्या भावांची बेरीज दोन्हीकडे काढावी. नोंदणी करताना ओळखपत्राची पडताळणी तेव्हाच पूर्ण करून घ्यावी, 'नंतर करा' वर टिचकी मारू नये. ती नंतर येते तेव्हा नेमके काढायचे पैसे अडकलेले असतात. जमा मर्यादा पहिल्याच दिवशी लावावी आणि ती कमी केली तर लगेच लागू होते, वाढवली तर वाट पाहावी लागते असे आहे का, हे तपासावे. उलटे असेल तर ती मर्यादा शोभेची आहे. सूचना बंद कराव्यात. मग भरता येईल तितकी लहान रक्कम भरून पुष्टीचा पडदा नीट वाचत विनचा एकच साधा डाव लावावा. निकाल काहीही लागो, उरलेल्या पैशांतला काही भाग लगेच काढायला टाकावा. भरलेली रक्कम एकदा तरी फिरवल्याशिवाय काही ठिकाणी काढता येत नाही. तसे असेल तर ते या लहान रकमेवरच कळलेले बरे. विनंती गेल्यावर पैसे बँकेत पोचेपर्यंत किती तास लागतात ते लिहून ठेवावे. या मधल्या काळात पडदा उघडून पाहावा: काही ॲप 'विनंती रद्द करून पैसे पुन्हा खेळायला घ्या' असे बटण देतात. ते बटण 'पैसे काढा' या बटणापेक्षा मोठे दिसले, तर उरलेली रक्कमही काढायला टाकावी आणि दुसरे ॲप उघडावे.